ग्रॅव्हल सायकलसाठी गाड्यांविना रस्ते: कालवा, माळ आणि गाडीवाट

प्रश्न: पुण्यात राहतो. ४० मिमी टायरची ग्रॅव्हल सायकल नुकतीच घेतली आहे. हायवे नको, घाटातली गर्दी नको आणि डोंगरातली अवघड पायवाटही नको. दिवसाभरात ६० किमीच्या आसपास, वाटेत निसर्ग बदलत जाईल आणि गाड्या जवळजवळ भेटणार नाहीत असे कच्चे रस्ते कुठे आणि कसे शोधायचे? तयारी काय करायची?

उत्तर: इंग्लंडात या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. डर्बीशरमधला मॉन्सल ट्रेल घ्या. १९६८ मध्ये बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर साडेआठ मैलांची खडीची वाट केलेली आहे, २०११ मध्ये तिच्यावरचे बोगदेही उघडले, आणि मोटारी तिथे येऊच शकत नाहीत. आपल्याकडे बंद झालेल्या नॅरोगेज मार्गांवर बहुतेक ठिकाणी ब्रॉडगेज आली, त्यामुळे असा आयता माल मिळत नाही. आपल्याकडचे गाड्यांविना रस्ते दुसऱ्याच कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी केलेले असतात. कालव्याचा सेवा रस्ता जलसंपदा खात्याचा, गाडीवाट आणि पाणंद (शेतांमधली अरुंद वाट) शेतकऱ्यांची, माळावरची मुरमाची वाट मेंढरांची आणि वनखात्याची. रस्ता कुणाचा आणि तो माणूस वर्षाच्या कोणत्या महिन्यात वापरतो, एवढं कळलं की खाली काय लागेल आणि समोरून काय येईल हे घरबसल्या सांगता येतं. नकाशाच्या आधी हे शिका.

पुण्याच्या आसपास सुरुवात करायला सगळ्यांत चांगला पट्टा नीरा, मोरगाव, बारामतीचा. कारण इथे ६०-७० किमीत ऊस, जिराईत, गवताळ माळ आणि नदीकाठ असं सगळं येतं, आणि चढ सौम्य आहेत.

नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा. वीरपासून निघून नीरा, निंबुत, सोमेश्वरनगर, माळेगाव, बारामती असा तो पूर्वेला इंदापूरकडे जातो. कालव्याचं पाणी फक्त उताराकडे, म्हणजे खालच्या अंगाला भिजवतं. म्हणून पूर्वेला तोंड करून निघालात की उजव्या हाताला नदीपर्यंत ऊस आणि डाव्या हाताला कोरडा चढ. एका कालव्याच्या दोन काठांवर दोन वेगळे तालुके असावेत इतका फरक दिसतो. वळसा आखताना हाच फरक वापरायचा: जाताना कालव्याने, येताना डावीकडच्या जिराईत माळावरून.

वळसा असा बसतो. नीरा गावातून कालव्याचा सेवा रस्ता धरा, निंबुत, सोमेश्वरनगर करत करंज्यापर्यंत या. करंज्याला सोमेश्वराचं देऊळ आहे, पाणी आणि सावली मिळते. तिथून कालवा सोडून उत्तरेला मोरगावच्या दिशेने गाडीवाटांनी माळ चढा. मोरगावला कऱ्हा नदी लागते आणि जेवणाची सोय आहे. परतताना मुर्टीच्या अंगाने गावरस्ते आणि मुरमाच्या वाटा जोडत नीरेला उतरा. कोणता काठ आणि कोणती वाट घेतली त्यावर एकूण ६० ते ७० किमी होतात. थांबे धरून साडेपाच-सहा तास ठेवा. कालव्यावर ताशी १६ ते १८ किमी, मुरमाच्या माळावर १३ ते १५ असा वेग धरावा. डांबरी रस्त्यावरचा २५ चा हिशेब इथे आणला की शेवटचे १५ किमी अंधारात येतात.

कालव्यावर चढ नाही म्हणून तो सोपा, असा समज असतो. कालव्याला उतार फार थोडा असतो. १ः५००० धरला तर किलोमीटरला २० सेंमी. त्यामुळे पायडल थांबवून सायकल सोडून द्यायची सवडच मिळत नाही. ३० किमी अखंड पायडल आणि अखंड बसणं. पायांच्या आधी बैठक आणि मनगटं बोलायला लागतात. दर १०-१५ मिनिटांनी मुद्दाम उभं राहून वीसेक पायडल मारा, हातांची जागा बदला.

सेवा रस्ता बहुधा खालच्या अंगाच्या भरावावर असतो. वरच्या काठावरही वाट दिसते, पण ती मध्येच झुडपात हरवते. रस्त्यावर मुरूम पसरून रोलर फिरवलेला असला तर ४० मिमी टायरला याहून चांगला पृष्ठभाग नाही. जिथे अस्तरीकरणाचं (कालव्याला आतून काँक्रीट लावण्याचं) काम चालू आहे तिथे मात्र डंपरांनी सगळं उखडलेलं असतं. अस्तरीकरणाने पाझर कमी होतो आणि काठच्या विहिरींचं पाणी जातं, म्हणून गावोगावी त्याला विरोध आहे. काम थांबतं, पुन्हा सुरू होतं. त्यामुळे गेल्या वर्षीचा रेकॉर्ड केलेला ट्रॅक यंदा चालेलच असं नाही.

सेवा रस्त्याच्या तोंडाशी लोखंडी आडवा अडसर किंवा कमी उंचीची कमान दिसली की समजा पुढे ट्रक नाहीत. मोटारसायकली मात्र असतात. सकाळी साडेसहा ते आठ आणि संध्याकाळी पाच ते सात ही दूध घालण्याची वेळ, आणि कालवा हा गावाचा जवळचा रस्ता. ‘गाड्यांविना’ याचा आपल्याकडचा अर्थ तासाला पाच-दहा दुचाकी आणि एखादा ट्रॅक्टर असा घ्यावा. शून्य हवं असेल तर आठ ते अकरा ही वेळ.

हा रस्ता खात्याच्या मालकीचा आणि देखभालीसाठीचा आहे, सार्वजनिक हक्काचा नाही. सायकलवाल्याला सहसा कुणी अडवत नाही. अडवलं तर वाद न घालता मागे फिरायचं. पाटकरी किंवा कालवा निरीक्षक भेटला तर थांबून दोन गोष्टी विचारा: आवर्तन (शेतीसाठी ठरावीक मुदतीने सोडलं जाणारं पाणी) कधी सुटणार आहे, आणि पुढे कुठे काम चालू आहे. या दोन उत्तरांत त्या दिवसाचा रस्ता कळतो.

आवर्तन का विचारायचं? पाणी सुटलेलं असताना शेतकरी रस्त्यावर काळे पाइप आडवे टाकतात. त्यावर माती ओढून बारीक उंचवटा केलेला असतो आणि मातीच्या रंगामुळे तो लांबून दिसत नाही. ताशी २० च्या वेगात पुढचं चाक त्यावर तिरकं गेलं तर सायकल सरळ कालव्याच्या बाजूला वळते. अस्तर केलेल्या कालव्याच्या बाजूंना शेवाळ असतं. भरल्या प्रवाहात पडलेला चांगला पोहणाराही आधाराशिवाय बाहेर येऊ शकत नाही. म्हणून पाण्याच्या काठापासून किमान दीड मीटर आत चालवा, शेजारी-शेजारी दोघांनी गप्पा मारत चालवू नका, आणि मागचा माणूस ३० मीटर अंतर ठेवून असावा. पायऱ्या आणि गेटं कुठे आहेत हे जाता जाता लक्षात ठेवा.

अस्तर नसलेल्या जुन्या भरावाची कड पोखरलेली असते. घुशी, उंदीर आणि खेकडे यांची बिळं आतून एकमेकांना मिळतात आणि वरून गवत असतं. (खेकड्यांवर आपल्याकडे राजकारण पुरेसं झालं आहे, पण बिळं खरीच असतात.) भराव किती नाजूक असू शकतो हे पुण्याने २७ सप्टेंबर २०१८ ला पाहिलं आहे. त्या दिवशी मुठा उजवा कालवा दांडेकर पुलाजवळ फुटला होता. काठावर ओल झिरपताना दिसली, रस्ता मऊ लागला, तर उतरून लांबून जा आणि गावात सांगा.

कालवा ओढा ओलांडतो त्या जागा आधीच शोधून ठेवाव्यात. कालवा ओढ्याखालून सायफनने जात असेल तर सेवा रस्ता ओढ्यात उतरतो आणि पावसाळ्यात तिथे गुडघाभर गाळ असतो. कालवा जलसेतूवरून जात असेल तर रस्ता बहुधा तुटतो आणि दिसते ती फक्त अरुंद भिंत. त्या भिंतीवरून सायकल हातात धरूनही जायचं नाही. एक-दोन किमीचा फेरा पडला तरी खालून गावाच्या रस्त्याने जा.

आता ऊस. नोव्हेंबर ते मार्च हा गळिताचा हंगाम. कारखान्याच्या परिसरातल्या कालवारस्त्यांवर या काळात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या चालतात. रस्त्याची वरची कातडी दळली जाते आणि घोट्याएवढी पिठासारखी धूळ साचते. तिच्याखालचं चाकोरीचं चर दिसत नाही. पाचट (उसाची वाळकी पानं) मागच्या गिअरमध्ये गुंडाळलं जातं. दिसलं की लगेच थांबून काढा, ओढून पायडल मारलं तर डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) स्पोकमध्ये जातो. ट्रॉलीला मागचं दिसत नाही आणि तिला पटकन थांबताही येत नाही. म्हणून समोरून ट्रॅक्टर आला की रस्ता सोडून उभं राहायचं, खालच्या बाजूला. भरलेली ट्रॉली पाण्याकडे झुकली तर तुम्ही मध्ये नको. हंगामात सोमेश्वरनगर आणि माळेगावजवळचा कालव्याचा भाग गाळून माळावरच राहणं बरं.

योगायोगाने माळाचा सर्वोत्तम काळ तोच आहे. ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी गवत सोनेरी असतं, मुरूम कडक असतो आणि सकाळी थंडी असते. मोरगाव-सुपे पट्ट्यातली जमीन उथळ आहे. बेसाल्ट झिजून झालेला मुरूम वर, खाली कातळ. पाऊस पडला तरी पाणी तासाभरात वाहून जातं आणि दुपारी सायकल चालते. धोका एकच: कडक पृष्ठभागावर सुटे खडे. सरळ जाताना काही होत नाही, वळणावर पुढचं चाक निसटतं. वळणाच्या आधी ब्रेक संपवा, वळणात पुढचा ब्रेक धरू नका, आणि आतलं पायडल वर ठेवा. ट्रॅक्टरमुळे पडलेल्या आडव्या लाटा लागल्या तर चाकोरीच्या बाहेरची कड किंवा दोन चाकोऱ्यांमधली गवताची पट्टी घ्या. गवतात दगड असतो, पण लाटा नसतात.

काळी माती हा वेगळाच प्राणी आहे. ती कोरडी असताना उत्तम आणि ओली असताना अशक्य. मधली पायरी नाही. चिकणमातीचं प्रमाण जास्त असल्यामुळे ती टायरला चिकटते, त्यावर बारीक खडे आणि काड्या बसतात, आणि दहा फेऱ्यांत चाक फोर्कमध्ये अडकतं. टायर आणि चौकटीत दोन्ही बाजूंना ६ मिमी जागा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, १० मिमीही भरते. इथली नेहमीची चूक म्हणजे जोर लावून पुढे रेटणं. जॉकी व्हीलमध्ये (डिरेलरच्या छोट्या चाकांत) माती बसलेली असताना जोर लावला की हँगर (डिरेलर चौकटीला धरणारी पट्टी) मोडतो, आणि मग सायकल खांद्यावर. माती लागायला लागली की लगेच उतरा, लाकडी पट्टीने किंवा टायर लिव्हरने साफ करा, बाजूच्या गवतावरून ढकला. साधा नियम: चांगला पाऊस झाल्यावर मुरमाला अर्धा दिवस, काळ्या मातीला दोन-तीन कोरडी उन्हं. समोरून येणारा शेतकरी चपला हातात घेऊन चालताना दिसला तर ती वाट त्या दिवशी विसरा.

कुठे मुरूम आणि कुठे काळी माती हे उपग्रहाच्या चित्रातच दिसतं. मुरमाची वाट पिवळसर किंवा तांबूस, काठाला तुटक. काळ्या मातीतली वाट गडद राखाडी. सिमेंटची पांढरी आणि एकसारख्या रुंदीची. गुगल अर्थमध्ये जुनी चित्रं बघता येतात. मे महिन्यातलं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरातलं, दोन्ही बघा. मे मध्ये स्पष्ट असलेली आणि ऑक्टोबरात नाहीशी झालेली वाट म्हणजे शेतातून जाणारी तात्पुरती वाट, ती पेरणीनंतर नांगरली जाते. दोन्ही चित्रांत टिकलेलीच घ्या. ओपनस्ट्रीटमॅपवर कालवे चांगले भरलेले आहेत, गाडीवाटा तुरळक, म्हणून ॲपने आपोआप काढलेला मार्ग जसाच्या तसा वापरू नका. तो तुम्हाला हटकून डांबरीवर आणतो.

वाट सार्वजनिक आहे की खासगी बांधावरची, हे बघायला महसूल खात्याचा गाव नकाशा आहे, महाभूनकाशावर ऑनलाइन. त्यात तुटक दुहेरी रेष म्हणजे गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. तुटक एकेरी रेष म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. प्रत्यक्षात त्यातले बरेच मार्ग अतिक्रमणाने अरुंद झालेत किंवा बंद आहेत, पण जिथे दुहेरी रेष आणि उपग्रहाच्या चित्रातली वाट जुळते तिथे अडवलं जाण्याची शक्यता फार कमी. २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आल्यापासून अशा काही वाटांवर खडी-मुरूम पडला आहे. नव्या खडीकरणावर मात्र जपून. वरचा मुरूम एका पावसात धुऊन गेला की खाली अंड्याएवढी टोकदार बेसाल्टची खडी उरते. ती टायरची बाजू कापते आणि कमी हवेत रिमला ठोका बसतो. असा पट्टा दोनशे मीटरपेक्षा लांब असेल तर चालत जाणं स्वस्त पडतं.

पाणंदीत आणखी दोन गोष्टी. काटेरी झाप लावून बंद केलेली वाट उघडली तर मागे तशीच बंद करा, गुरं पिकात जातात. दुसरी, रानडुकरांसाठी लावलेली झटका मशीनची तार. बारीक, गुडघ्याच्या उंचीवर, कधी वाटेवर आडवी. सौर झटक्याने माणूस सहसा मरत नाही, पण काही ठिकाणी थेट वीज सोडलेली असते. तार दिसली की हात लावून उचलायची नाही, तिच्या मालकाला हाक मारायची.

सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. ५.१४ चौरस किमीचं, १९९७ मध्ये जाहीर झालेलं, चिंकाऱ्यांसाठी. आत जायचं तर गेटवर नोंद करून, तिथल्या नियमाने. कुंपणाच्या फटीतून सायकल आत घालणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. गंमत अशी की चिंकारा बघायला आत जायची गरजही नसते, भोवतालच्या पडीक माळावर सकाळी सातच्या सुमारास ते दिसतात. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या माळाचंही तेच. तिथे लांडगे आहेत. वनखात्याने या भागात गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. गावाची मळलेली वाट सोडून गवतात चाक घालू नका. टिटवी, चंडोल, धाविक यांची घरटी मार्च ते जुलै जमिनीवर असतात आणि ती दिसतच नाहीत.

दिवाळीनंतर धनगरांचे कळप या भागातून कोकणाकडे निघतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. कळप समोर आला की उतरा आणि थांबा, मेंढपाळ वाट करून देतो. मधून सायकल घातली तर मेंढ्या बिथरतात आणि कुत्री धावून येतात. कुत्रं आलंच तर पळायचं नाही. सायकलवरून उतरून सायकल मध्ये धरायची आणि कळपाच्या मालकाला मोठ्याने हाक द्यायची. बहुतेक वेळा एक शीळ पुरते. संध्याकाळी धनगरांच्या वाड्याजवळून (मुक्कामाजवळून) जाणं टाळा, त्या वेळी कुत्री राखणीवर असतात.

उसाच्या पट्ट्यात बिबट्या असतो. जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडे तर कुकडीच्या कालव्यांवर उजाडण्याआधी किंवा दिवेलागणीनंतर जाऊच नये, एकट्याने तर नाहीच. कालव्याच्या काठी घोणस आणि खडकाळ माळावर फुरसं ही दोन नावं लक्षात ठेवा. दोन्ही विषारी, दोन्ही संध्याकाळी वाटेवर येतात. चावल्यास पट्टी आवळणं, चीर देणं काही करायचं नाही. पाय न हलवता १०८ बोलवायची किंवा मिळेल त्या गाडीने ग्रामीण रुग्णालय गाठायचं. प्रतिसर्पविष तिथे मिळतं.

यंत्राकडे येऊ. या भागातला खरा शत्रू काटा आहे. कालव्याच्या दोन्ही काठांना वेडी बाभूळ माजलेली असते आणि तिचा काटा टायर आरपार जाऊन कधी दुसऱ्या बाजूने बाहेर येतो. माळावर सराटे. सगळ्यांत वाईट काळ बाभूळ छाटल्यानंतरचा, कारण फांद्या रस्त्यावर पडून ट्रॉलीखाली चिरडतात आणि काटे धुळीत उभे राहतात. ट्यूबवर हा भाग करणं म्हणजे दिवसभर पंक्चर काढणं. ट्यूबलेस करून घ्या. ७०० बाय ४० च्या टायरमध्ये प्रत्येकी ८० ते ९० मिली सीलंट (भोक आतून बुजवणारं द्रव) घाला. काही कंपन्या याहून कमी सांगतात, पण ते काटे नसलेल्या देशांसाठी. आपल्या उन्हाळ्यात सीलंट सहा-आठ आठवड्यांत वाळतं. महिन्यातून एकदा चाक कानाशी हलवून आवाज ऐका, खळखळ नसेल तर ३० मिली वाढवा.

टायरमध्ये सराटा दिसला आणि हवा जात नसेल तर वाटेत उपटू नका. घरी गेल्यावर, सीलंट ताजं असताना काढा. बाभळीचा मोठा काटा काढायचाच असेल तर भोक खाली येईल असं चाक फिरवा, काटा ओढा आणि अर्धा मिनिट तसंच धरा. थांबलं नाही तर प्लग (भोकात कोंबायची रबरी पट्टी). शेवटचा उपाय ट्यूब, आणि इथेच बहुतेकांचं दुसरं पंक्चर होतं. ट्यूबलेस टायरमध्ये महिन्याभराचे दहा-पंधरा काटे आतून डोकावत असतात, सीलंटने ते झाकलेले असतात. ट्यूब घातली की पाच मिनिटांत ती चाळणी होते. म्हणून आधी जाड कापड आतून फिरवा, प्रत्येक टोक पकडीने बाहेर काढा, मगच ट्यूब. छोटी पकड म्हणूनच किटमध्ये हवी.

हवा: ७० किलोचा माणूस, ४० मिमी ट्यूबलेस, तर पुढे ३० आणि मागे ३४ पीएसआयने सुरुवात करा. ४५ मिमी असेल तर प्रत्येकी चार कमी. सुट्या खडीच्या पट्ट्यासाठी हवा कमी करायचा मोह होतो, पण बेसाल्टच्या टोकदार दगडावर कमी हवा म्हणजे रिम वाकणं. १० किलो वजनामागे दोन पीएसआय वाढवा. गिअर म्हणाल तर पुढे ४० दाती आणि मागे ११-४२ पुरते. करंज्याहून माळावर चढताना मुरमात छोटे तीव्र टप्पे आहेत, तिथे बसूनच चढवा. उभं राहिलात की मागचं चाक फिरतं आणि सायकल तिथेच राहते.

सोबत: दोन ट्यूब, प्लगचा संच, पंप (फक्त सीओटू वायूची नळकांडी नकोत), चेनची जोडकडी, तुमच्या चौकटीचाच हँगर, पकड, लाकडी पट्टी, दोन मीटर इन्सुलेशन टेप. पाणी हिवाळ्यात दोन लिटर, मार्चनंतर तीन. कालव्याचं पाणी प्यायचं नाही, त्यात शेतातली औषधं आणि गावाचं सांडपाणी दोन्ही येतात. बऱ्याच गावांत आरओचं नाणं टाकून पाणी देणारं केंद्र असतं, म्हणून खिशात सुट्टी नाणी ठेवा. एप्रिल-मे मध्ये साडेपाचला निघून दहाला सायकल टेकवायची, त्यापुढे माळावर सावली नाही. ओआरएसची दोन पाकिटं बारा महिने.

वाऱ्याचा हिशेब करून दिशा ठरवा. हिवाळ्यात सकाळी वारा जवळजवळ नसतो, दिवस चढला की हलका पूर्वेचा. म्हणून नीरेहून निघून आधी पूर्वेला कालवा आणि नंतर मोरगावहून परत हा क्रम बरोबर. सकाळचं ऊन मात्र तोंडावर येतं, धूळ आणि ऊन दोन्हींसाठी चष्मा लावा. जून ते सप्टेंबर पश्चिमेचा वारा जोरदार असतो. तेव्हा गाडी करंज्यात लावून भल्या सकाळी पश्चिमेला नीरेकडे कालवा करा, मग मोरगाव, मग दक्षिणेला खाली. वाऱ्याविरुद्धचा भाग वारा उठायच्या आत संपतो.

काही दिवस सरळ टाळायचे. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद अशी जाते आणि तुकाराम महाराजांची बारामतीवरून. त्या आठवड्यात नीरेचे सगळे रस्ते भरलेले असतात. चतुर्थीला मोरगाव आणि सोमवती अमावास्येला जेजुरी, तेव्हा आजूबाजूचे गावरस्तेही गाड्यांनी वाहतात.

हा वळसा जमला की त्याच रीतीने पुढचे शोधा. कराडजवळ खोडशीच्या बंधाऱ्यातून निघणारा कृष्णा कालवा सांगली जिल्ह्यात उतरतो, तिथे उसाचं प्रमाण याहूनही जास्त, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरातले उघडिपीचे दिवस बघावेत. फलटण, माळशिरसकडे जाणारा नीरा उजवा कालवा लांब पल्ल्याला चांगला, पण सावली कमी. मुठा उजव्या कालव्याचा शहरातला भाग सोडून द्या, लोणी काळभोरच्या पुढे बघा.

कोकणात असे कालवे फारसे नाहीत, तिथे सड्यावरून (उघड्या कातळाच्या पठारावरून) जाणाऱ्या जांभ्याच्या वाटा आहेत. रत्नागिरी-राजापूर भागात आंब्याच्या बागांना जोडणाऱ्या या तांबड्या वाटांवर रहदारी फार थोडी, मात्र चिरेखाण जवळ असेल तर ट्रक. मोकळ्या कातळावर चाक घालू नका. कातळशिल्पं गवताखाली असतात आणि पावसाळ्यात सड्यावर उगवणारी बारीक फुलझाडं एका टायरने संपतात. ओला जांभा शेवाळाने काचेसारखा होतो, जून ते सप्टेंबर तो नकोच. गोव्यात दिवाडीला जुन्या गोव्याहून फेरीबोटीने सायकल नेता येते. तिथल्या खाजन (खाडीकाठच्या सखल जमिनीतल्या) शेतीचे मातीचे बांध म्हणजे गाड्यांविना रस्ताच, पण काही ठिकाणी जेमतेम एक मीटर रुंद, एका बाजूला खाडी. बांधावर मानशी (खाडीचं पाणी अडवणारं दार) लागली की उतरून चाला. भरतीची वेळ आधी बघून ठेवा, कारण बांधाच्या सखल जागी उधाणाच्या भरतीला पाणी वर येतं आणि तिथला गाळ काळ्या मातीइतकाच चिकट असतो.